टोपीतली मासोळी

माशांशी माझं नातं बरणीतलं आहे. चंद्रपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे आणि तिथल्या कपाटात फॉर्मालिनमध्ये बुडवलेले मासे रांगेनं उभे आहेत. रोहू आहे, बाम आहे, एक मरळ आहे. मी बरण्यांवरची धूळ पुसतो, सुटलेली लेबलं चिकटवतो, पोरांनी झाकण उघडं टाकलं तर ओरडतो. हे मासे पळत नाहीत, हातातून निसटत नाहीत आणि त्यांच्यासाठी पाण्यात उतरावं लागत नाही. माझ्यासारख्याला परवडणारे मासे असेच.

गंमत अशी की आम्ही जातीनं ढिवर. वैनगंगेच्या काठचे. आजोबांपर्यंत घरात जाळी होती, डोंगा होता. मग आजोबा कोळशाच्या खाणीत लागले, त्यांच्यामागून वडील लागले आणि मी कॉलेजात चिकटलो. दर पिढीला आम्ही पाण्यापासून जरा जरा सरकत गेलो. माझ्यापर्यंत येता येता पाण्याशी संबंध उरला तो नळ आला का एवढं बघण्यापुरता. मला पोहता येत नाही. मासा खाता येतो, तोही बायकोनं काटे काढून दिले तर.

हे मी कधी लपवलं नव्हतं, कारण कधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं ते माझ्या होणाऱ्या व्याह्यानं. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, म्हणून यापुढे इवाईच म्हणतो.

माझी मुलगी गडचिरोलीला दवाखान्यात नर्स आहे. तिथेच कृषी खात्यातल्या एका मुलाशी तिचं जुळलं. मुलगा आमच्याच जातीचा, मार्कंड्याच्या अलीकडच्या एका गावचा, शांत, चष्मेवाला. नाव ठेवायला काही जागाच नव्हती. रीत म्हणून त्याचे वडील एका रविवारी आमच्याकडे आले. एसटीचे ड्रायव्हर, उंचेपुरे, भरघोस मिशा, आवाज असा की स्वयंपाकघरातल्या वाट्या वाजाव्यात. पोह्यांची बशी हातात घेऊन ते म्हणाले, "आमच्या गावाजवळ नाल्याचा डोह हाय. सुट्टीवर गेलो का आपली गरी टाकल्याशिवाय मले करमत नाई."

गरी म्हणजे मासे धरायचा गळ. इथे मी नुसतं "वा" म्हणून थांबायला हवं होतं. पण ढिवराच्या घरात ढिवरानं दुसऱ्या ढिवराला असं म्हटल्यावर नुसतं "वा" म्हणणं मला कमीपणाचं वाटलं.

"मलेबी तसंच होते," मी म्हणालो. "दर रविवारी इरई नदीवर जातो. जागा ठरलेली हाय आपली."

बायको चहा ओतत होती. तिचा हात थांबला, पण चहा थांबला नाही. बशी भरून टेबलावर आला. दर रविवारी मी कुठे असतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण पलंगाखालचं झाडताना ती मला उठवून उठवून थकलेली असायची.

इवायाच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीतरी सरकलं. मला वाटलं, आदर. पुढे कळलं की ती भीती होती. पण ते पुढे.

आठवड्याभरानं मुलीचा फोन आला. "बाबा, सगळे तयार आहेत. फक्त त्याच्या आजीची एक अट आहे."

आजी म्हणजे इवायाची आई. त्या घरात शेवटचा शब्द तिचा. आणि त्या घरची रीत अशी की सोयरीक पक्की करण्याआधी दोन्हीकडच्या बापांनी मिळून, दुसऱ्या कुणाची मदत न घेता, चैत्रात नाल्यावर जाऊन मासोळी धरून आणायची. ती होणाऱ्या सुनेनं रांधायची. आजी पहिला घास खाणार आणि मग होय म्हणणार.

"अन् मासोळी नाही मिळाली तर?"

"तर आजी म्हणते, पुढच्या चैतात पाहू."

"मग पाहू पुढच्या चैतात."

"बाबा, त्याच्या चुलतभावाचं असंच पुढच्या चैतावर ढकललं. त्या मुलीनं दिवाळीतच दुसऱ्याशी लग्न केलं. अन् माझी तर उन्हाळ्यानंतर बदली आहे, पार टोकाला, सिरोंच्याला. लग्न झालं तर त्यालाही तिकडची बदली मागता येईल." मग म्हणाली, "तुम्ही दर रविवारी जाता ना इरईवर?"

"जातो ना," मी म्हणालो.

"मग शिका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी शिकलो. मोबाईलवर शिकलो. त्यात एक गोरा माणूस बर्फाच्या डोंगरातल्या झऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा असायचा. तिकडे वसंत आला की बर्फ वितळतं, झरे भरून वाहतात आणि ट्राउट नावाचा ठिपक्याठिपक्यांचा मासा वर येतो. गोरा लांब काडी हवेत अशी फिरवायचा की दोरी पाण्यावर नक्षी काढल्यासारखी पडायची. मासा लागला की तो त्याला हातात घ्यायचा, त्याचा मुका घ्यायचा आणि परत सोडून द्यायचा. बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. "मंग हे लोक जेवते काय?" तिनं विचारलं. याचं उत्तर त्या व्हिडिओत नव्हतं.

आमच्याकडचा वसंत उलटा. पळस फुलतो, मोह गळतो आणि नाले भरायच्या ऐवजी आटत जातात. चैत्रात एखादा ट्राउट आमच्या नाल्यात सोडला तर तो काठाला लागेपर्यंत शिजून निघेल, वरून फोडणीच घालायची. हे मला कळत होतं. पण त्या गोऱ्याची ऐट बघून मी तोच सगळा सरंजाम मागवला. काडी, दोरी गुंडाळायची चक्री, कमरेपर्यंत येणारे रबरी बूट, गोल काठाची टोपी आणि डबीभर खोटे किडे. हे किडे म्हणजे गळाला रंगीत पिसं बांधलेली असतात. मासा त्यांना पाखरू समजतो म्हणे. गोरा ते टोपीला खोचून ठेवायचा. मीही खोचले. आरशात पाहिलं तर देवळाबाहेर प्रसादाची वाट पाहणाऱ्या कोंबड्यासारखा दिसत होतो.

सराव गच्चीवर केला. चैत्राचे दिवस, शेजारच्या काकूंनी त्यांच्या गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरड्या वाळत घातल्या होत्या. मी गोऱ्यासारखी काडी मागे नेली, पुढे फेकली, आणि जे लागलं ते ओढलं. लुगडं आलं. कुरड्या तिथेच राहिल्या, म्हणजे गच्चीभर राहिल्या. एक मात्र गळाला लागून आमच्याकडे आली. ती माझी पहिली शिकार.

"अहो भाऊ!" काकू जिन्यातून ओरडल्या. "कुरड्या पाहिजे होत्या तर मागाच्या ना! आकडा कायले टाकता?"

आमची बायको पुढचे दोन दिवस त्यांच्याकडे जाऊन नव्यानं कुरड्यांचा चीक शिजवू लागली. मला त्या काळात घरात बोलायला बंदी होती.

ठरलेल्या दिवशी मी, बायको आणि सुट्टी घेऊन आलेली मुलगी, असे आम्ही तिघं पहाटेच चामोर्शीच्या बसमध्ये बसलो. काडी मी खिडकीबाहेर काढून धरली होती. कंडक्टरनं ती पाहिली, टोपी पाहिली आणि म्हणाला, "काका, अँटेना हाय का? मॅच लागते का यावर?" मुलीनं तोंडावर ओढणी घेतली ती गाव येईपर्यंत काढली नाही.

इवायाच्या अंगणात आजी खाटेवर बसून वाळलेली मोहफुलं निवडत होती. लहानशी, सुरकुतलेली, पण नजर अशी की मी आपोआप टोपी काढली. तिनं काडी हातात घेतली, वाकवून पाहिली.

"हे काय होय?"

"गरी हाय, बाई."

"इतकी नाजूक?" तिनं काडी परत दिली. "मासोळी हासंल."

इवाई खांद्यावर जाळं घेऊन तयार होते. फेकायचं जाळं, खाली शिशाच्या गोळ्या लावलेलं. ते त्यांनी धुतलेली चादर टाकावी तसं खांद्यावर टाकलं होतं. मला वाटलं, काय सहजपणा आहे! अंगात मुरलेला माणूसच जाळं असं घेऊ शकतो. इवाई माझ्या चक्रीकडे, बुटांकडे, टोपीतल्या पिसांकडे पाहत होते. त्यांनी जाळं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

मुलगी दारात उभी होती. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. इंजेक्शन देण्याआधी ती पेशंटकडे असंच पाहत असणार.

आम्ही दोघं निघालो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, मोहाच्या झाडांखाली पालापाचोळा जाळून जागा साफ केलेली, हवेत तो गोड, जरा आंबलेला वास. मी सहज विचारावं तसं विचारलं, "वाघ येते का इकडं?"

"येते ना. पण थो सकाळी सकाळी येते."

"आत्ता काय हाय?"

इवायांनी आभाळाकडे पाहिलं. "सकाळच हाय," ते म्हणाले आणि दोघांचीही चाल वाढली.

नाला आटून त्याचे तुकडे झाले होते. कुठे वाळू, कुठे डबकं, आणि एका वळणावर तो डोह, काळंशार पाणी, वर अर्जुनाच्या झाडाची सावली. आम्ही काठावर उभे राहिलो.

"टाका इवाई," मी म्हणालो.

"छे छे. तुमी पाव्हणे. पह्यलं तुमी टाका."

"पाणी तुमचं. मान तुमचा."

"मुलीचे वडील तुमी. मान तुमचाच."

असं बराच वेळ चाललं. लग्नात पंगतीला बसवतानाही एवढा आग्रह कुणी करत नाही. शेवटी मी म्हणालो, "आम्ही इरईवर आधी पाणी वाचतो." कुठून सुचलं देव जाणे. इवायांचा चेहरा उजळला. "बराबर! आमच्या इकडंबी वाचतेत." मग दोघं उकिडवे बसून पाणी वाचू लागलो. मी पाण्यात माझी टोपी वाचली. त्यांनी बहुतेक त्यांच्या मिशा वाचल्या.

"वारा उलटा हाय," थोड्या वेळानं मी म्हणालो.

"हो ना. अन् मासोळी यावेळेले झोपते."

"झोपू द्या मग थोडी."

पण किती वेळ झोपू देणार? घरी चूल पेटत आली असणार. माझ्या डोळ्यासमोर सिरोंचा आलं, गोदावरीच्या काठावरचा तो एकटा दवाखाना आला. मी उठलो, गोऱ्यासारखी काडी मागे नेली आणि जीव खाऊन फेकली. गळ मागच्या पळसात अडकला. फुलांसकट सोडवला. दुसऱ्यांदा फेकली. या वेळी गळानं इवायांच्या डोक्याचा दुपट्टा अलगद उचलला, हवेत एक चक्कर मारली आणि डोहाच्या मधोमध नेऊन ठेवला.

मला वाटलं, आता संपलं. पण इवाई डोळे मोठे करून पाहत होते. "वा!" ते म्हणाले. "काय नेम हाय! कपडा टाकून पाणी मोजता का?"

"हो," मी म्हणालो. "खोली कळते."

मग त्यांची पाळी आली. त्यांनी जाळं दोन्ही हातांत गोळा केलं, कमरेतून वळले आणि भिरकावलं. दुसऱ्या एका व्हिडिओत मी पाहिलं होतं की जाळं हवेत छत्रीसारखं उघडतं. हे उघडलं नाही. गाठोड्यासारखं गेलं आणि धपकन पडलं. आणि जाळ्याची दोरी मनगटाला बांधायची असते, ती त्यांनी बांधलेली नव्हती. दोरीचं टोक सापासारखं वाळूवरून सरपटत गेलं आणि जाळ्यामागोमाग पाण्यात शिरलं.

आम्ही दोघं त्या जागेकडे पाहत राहिलो. दोन बुडबुडे आले.

"आमच्या इकडं असंच टाकतेत," इवाई म्हणाले. "मंग थांबा लागते."

"आमच्याकडेही," मी म्हणालो. "जाळ्याला जरा एकटं सोडावं."

जाळं एकटं सोडून आम्ही अर्जुनाच्या सावलीत बसलो. आता काय करायचं हे मला सुचत नव्हतं आणि मला खात्री होती की त्यांना सगळं सुचत आहे. त्यांना नेमकं माझ्याबद्दल तसंच वाटत होतं. दोघंही दुसरा उठेल म्हणून वाट बघत होतो. तेवढ्यात मागच्या झाडीत काहीतरी हललं.

पाचोळा चिरडला. जड काहीतरी होतं. एक फांदी मोडली, आणि मग श्वास ऐकू आला, मोठा, भरलेला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. सरळ डोहात उड्या टाकल्या. पाणी छातीपर्यंत आलं, कमरेपर्यंतच्या बुटांत पाणी भरलं आणि माझे पाय नाल्याचा तळ होऊन बसले. मी इवायांचा सदरा घट्ट धरला.

"पुढं जाऊ नका इवाई!" मी ओरडलो. "मले पोहता येत नाई!"

"मंग मले धरता कायले? मलेबी येत नाई!"

"तुमाले काऊन येत नाई? तुमी गावातले ढिवर!"

"मी ड्रायव्हर आहो ना बाप्पा! जनम गाडीवर गेला माहा! तुमी त दर रविवारी इरईवर..."

"दर रविवारी मी झोपतो!"

क्षणभर दोघंही वाघ विसरलो.

"अन् जाळं?" मी विचारलं.

"लहान भावाचं हाय. आज पह्यल्यांदा हातात धरलं. अन् तुमची थे काडी?"

"मोबाईलवर पाहून आणली."

"अन् कपडा टाकून खोली मोजणं?"

मी मान खाली घातली. पाणी नाकाला लागलं.

तेवढ्यात झाडीतून काळं, रुंद डोकं बाहेर आलं. त्याला शिंगं होती.

"वाघाले शिंगं नसते," मी म्हणालो. शेवटी प्राणिशास्त्राचा माणूस आहे मी.

इवाई डोळे बारीक करून पाहत होते. "हे त आमचीच म्हैस होय," ते पुटपुटले.

म्हैस आमच्याकडे न पाहता डोहात उतरली आणि नेमकी जाळं बुडालं होतं तिथे फतकल मारून बसली. आम्ही काठावर आलो. इवाई आधी हसायला लागले, मग मी लागलो, मग मिशांतून पाणी निथळत असताना ते वाळूवर आडवेच झाले. "मी घरी माह्या बायकोले म्हटलं," त्यांना बोलवेना, "का सोयरा लय मोठा मासेमार हाय, आता माही इज्जत गेली. रात्रभर झोप नाई, सांगतो तुमाले."

"मले कुठी होती झोप?"

मनसोक्त हसून झालं. पण हसून मासोळी येत नव्हती. घरी दोन पोरं वाट पाहत होती. म्हैसही पोट भिजवून उठली आणि जाळ्यात पाय गुरफटवून, अंगावर जाळं पांघरून, लग्नातल्या नवरीसारखी डोलत गावाकडे निघाली. आम्ही तिला हाका मारल्या. तिनं ऐकलं नाही.

"गेली आता मायजवळ," इवाई म्हणाले.

मग त्यांनीच खालच्या अंगाला असलेलं एक डबकं दाखवलं. नाला आटला की अशा डबक्यांत मासोळी अडकून पडते. "लहान असताना आमी पोट्टे पाणी उपसून धरायचो. थे येते मले." ते त्यांच्या आठवणीतलं शेवटचं मासे धरणं होतं, पण होतं. दोन्ही बाजूंनी चिखलाचा बांध घातला. पाणी कशानं उपसायचं? माझे कमरेपर्यंतचे बूट होते आणि टोपी होती. ओले कपडे झाडावर टाकले. दोघंही पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर. योगायोगानं पट्टेही एकाच रंगाचे. मी टोपीनं, ते एकेका बुटानं पाणी बाहेर फेकत होतो. इतक्या लांबून आलेला तो सरंजाम शेवटी तांब्या म्हणून कामाला आला.

मोह वेचून परतणाऱ्या बाया पायवाटेनं आल्या आणि डोक्यावरच्या टोपल्या सावरत थांबल्या.

"अवो ड्रायव्हरभाऊ! गाडी पाण्यात गेली का?"

"धक्का माराले पाव्हणे आणले वाट्टे!"

"तुमच्या पाव्हण्याच्या टोपीतून पाणी गळते, भाऊ. डोक्यातूनबी गळते का?"

इवायांनी मान वर केली नाही. मी केली, नमस्कार केला, आणि पाय घसरून बसलो.

पाणी घोट्यापर्यंत आलं तसा चिखल जिवंत झाला. झिंगे टपटप उडायला लागले, बोटभर मासोळ्या चमकल्या, एका खेकड्यानं इवायांचं बोट धरलं आणि त्यांनी हॉर्न दिल्यासारखा आवाज काढला. आणि मग कडेच्या मुळ्यांतून एक मरळ निघाली. कॉलेजातल्या बरणीतली हिच्याहून मोठी होती, पण ती बिचारी कधी अशी धावली नव्हती. मी धरली, सुटली. त्यांनी धरली, सुटली. शेवटी त्यांनी डोक्याकडून झडप घातली, मी शेपटीकडून घातली, आमची कपाळं एकमेकांवर आपटली आणि मरळ दोघांच्या छात्यांमध्ये अडकली. तशीच, मिठी न सोडता, आम्ही तिला टोपीत सरकवलं. झिंगे वरून ओतले.

घरी आलो तेव्हा अंगणाच्या कुंपणावर जाळं वाळत घातलेलं होतं. नीट पसरलेलं. म्हैस दावणीला रवंथ करत होती. आजी खाटेवर होती. तिनं जाळ्याकडे पाहिलं नाही, आमच्या कपाळावरच्या टेंगळांकडेही नाही. टोपी घेऊन आत दिली.

मुलीनं मरळ राखेत घोळून धरली. खवले काढून तुकडे केले. झिंगे धुऊन तसेच रश्शात टाकले. कैरी टाकली. वास अंगणभर आला. बायको चुलीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती; तिला मासोळी आणणारा नवरा पहिल्यांदाच दिसत होता आणि तिचा विश्वास बसत नव्हता.

पानं मांडली. आजीच्या ताटात मुलीनं भात वाढला, वर रस्सा. सगळे उभे. आजीनं बोटांनी भात कालवला, आणि थांबली. बोटांत काहीतरी धरून तिनं ते उजेडात वर केलं. लाल, पिवळं, मधोमध बारीकसा गळ. माझ्या टोपीला खोचलेल्या पिसांतलं एक. लाल झिंग्यांमध्ये ते कुणाला वेगळं दिसणार होतं?

"हे कोणती मासोळी होय?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. इवायांनी धीर केला. "नवी जात हाय, माय. बाहेरदेशातली."

"अन् हे पिसं?"

"थंड पाण्यातली असते ना," मी म्हणालो. "थंडी वाजते तिले."

माझ्या तोंडातून हे कसं गेलं ते मला आजही सांगता येत नाही. मुलीनं डोळे मिटले. आजीनं पीस ताटाच्या काठावर नीट ठेवलं.

"जाळं म्हशीनं टाकलं का तुमी?"

"मी टाकलं," इवाई हळूच म्हणाले. "आणलं म्हशीनं."

"मंग मासोळी?"

"डबकं उपसून."

"दोघांनी?"

"दोघांनी," आम्ही दोघं म्हणालो.

"कपडे काढून?"

आम्ही दोघांनी आपापल्या सदऱ्याची बटणं चाचपली.

"मोहाच्या बायांनी पाह्यलं?"

"पाह्यलं, माय."

"मंग बराबर हाय." तिनं घास घेतला, चावला, काटा काढून बाजूला ठेवला. "मीठ जरा कमी हाय, पोरी. पुढच्या टायमाले पाह्यजो." मग आम्हा दोघांकडे वळून म्हणाली, "तुमाले काय वाटलं, मले मासोळी पाहिजे होती? मासोळी त माहा लहान पोरगा रोज आणते. माह्या सासऱ्यानं हे रीत काढली. दोन्ही इवाई चिखलात उघडे बसले एकदा, का मंग मांडवात मानापानाले रुसत नाई. माणूस एकदा हासला का त्याले रुसता येत नाई."

मुलगी पुढे झाली आणि आजीच्या पाया पडली. आजीनं तिच्या हातात ते पीस ठेवलं. "जपून ठेवजो. पोरगा झाला का सांगजो, तुह्या बापानं पिसांची मासोळी धरली म्हून."

लग्न पावसाआधीच उरकलं. पोरगी सिरोंच्याला गेली ती जावयासोबत. मांडवात माझा एक चुलता दुपट्टा बारीक दिला म्हणून खरोखरच रुसून बसला, आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता जा आणि इवायाला जाब विचार. मी गेलो. गर्दीतून वाट काढत, चेहरा होईल तेवढा कडक करून. समोरून इवाई येत होते, त्यांचाही कुणीतरी चुलता रुसला होता, त्यांचाही चेहरा कडक. आम्ही एकमेकांसमोर उभे राहिलो. मी तोंड उघडलं, पण डोळ्यासमोर त्यांची पट्ट्याची चड्डी आली. त्यांच्या मिशा थरथरल्या, म्हणजे त्यांनाही माझी दिसली होती. मग दोघंही मांडवाच्या मागे गेलो, कनातीला धरून, पोट दुखेपर्यंत हसलो, आणि चुलत्यांना सांगितलं की बोलणं झालं.